पेशीकडे पाण्याचा पंप नसतो

ऐरोलीच्या बाजूनं ठाणे खाडीच्या काठाला तिवराची दाट रांग आहे. एप्रिल-मेमध्ये त्यातलं एखादं पान उलटं करून बघितलं तर त्यावर बारीक पांढरे कण दिसतात. ते मीठ असतं. वाऱ्यानं उडून बसलेलं नव्हे, झाडानं आतून बाहेर टाकलेलं. तिवर दिवसातून दोनदा भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभं असतं, त्याच पाण्यावर वाढतं आणि चुकून आत आलेलं मीठ पानांवाटे टाकून देतं. हेच खाडीचं पाणी गॅलरीतल्या तुळशीला आठवडाभर घाला. कुंडीतली माती ओलीच्या ओली आणि तुळस मात्र वाळलेली, असं दिसेल.

दोन्ही झाडांना मुळं आहेत, पानं आहेत, दोघांनाही पाणी हवं आहे. फरक आहे तो त्यांच्या पेशींभोवतीच्या पटलात, म्हणजे त्या पटलातून काय आत येतं, काय बाहेर जातं आणि त्यासाठी किती किंमत मोजावी लागते यात. हे पटल जेमतेम ५ ते ८ नॅनोमीटर जाड असतं. अशी दहा-पंधरा हजार पटलं एकावर एक रचली तेव्हा कुठे वहीच्या कागदाएवढी जाडी भरेल.

शाळेत हा धडा कोष्टकातून शिकवतात. डावीकडे ऊर्जा न लागणारी वाहतूक, उजवीकडे ऊर्जा लागणारी, खाली दोन-दोन उदाहरणं. कोष्टक बरोबरच आहे, पण पाठ केलं की त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हातून निसटते. ती अशी, की पेशीकडे पाण्याचा पंप नसतो. तिवराकडे नाही, तुळशीकडे नाही, आपल्या आतड्यात किंवा मूत्रपिंडातही नाही. शरीराला पाणी इकडून तिकडे न्यायचं असेल तर ते मीठ किंवा साखर असं काहीतरी विरघळलेलं हलवतं, आणि पाणी त्याच्या मागून जातं. एवढं लक्षात ठेवलं तर लोणच्यापासून कॉलऱ्यापर्यंत बरंच काही एका सुतात ओवता येतं.

लोणच्यापासूनच सुरुवात करू. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की सकाळपर्यंत पातेल्यात पाणी सुटलेलं असतं. फोडी कुणी पिळलेल्या नसतात. पाण्याचे रेणू एका जागी कधीच बसत नाहीत. पटलातून ते सारखे दोन्ही बाजूंना ये-जा करत असतात. बाहेर मीठ विरघळलेलं असेल तर बाहेरच्या पाण्याचं प्रमाण आतल्या मानानं कमी होतं. साहजिकच आत येणाऱ्यांपेक्षा बाहेर जाणारे रेणू जास्त भरतात आणि हिशेबाअंती पाणी बाहेर पडतं. याला परासरण म्हणतात. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा नवी मुंबईतल्या दिवाळे गावात खारवलेला बांगडा महिनोन्महिने टिकतो तोही याच कारणानं. त्यावर बसणाऱ्या जिवाणूंचं पाणी मीठ शोषून घेतं आणि त्यांना वाढताच येत नाही. वाळलेल्या तुळशीचंही तेच. कुंडीत पाणी भरपूर होतं, पण मुळांबाहेरचं मीठ मुळांच्या आतल्या मिठापेक्षा जास्त होतं, त्यामुळे ते पाणी आत शिरायला तयारच नव्हतं.

उलट दिशेचा प्रकारही तितकाच जिवावरचा. रक्तातल्या तांबड्या पेशी नुसत्या शुद्ध पाण्यात सोडल्या तर पाणी आत घुसून त्या फुगतात आणि फुटतात. म्हणून शिरेतून देतात ते सलाइन साधं पाणी नसतं; लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं त्यात, म्हणजे ०.९ टक्के. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. इतकं खारट मूत्र माणसाचं मूत्रपिंड बनवू शकत नाही, म्हणून समुद्राचं पाणी पिणारा माणूस प्यायल्यापेक्षा जास्त पाणी गमावतो.

आता पटलाकडे. ते बहुतांशी चरबीचं असतं. १९२५ मध्ये नेदरलँड्समध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या पेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरवली आणि तिचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की पटल म्हणजे चरबीच्या रेणूंचे दोन थर, पाठीला पाठ लावून बसलेले. गंमत अशी की त्यांची चरबी पूर्ण निघालीच नव्हती आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं. विज्ञानात असंही होतं. प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याशी मैत्री करणारं आणि शेपट्या पाण्यापासून पळणाऱ्या, म्हणून डोकी बाहेर आणि शेपट्या आत अशी रचना आपोआप होते. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी या चित्रात प्रथिनं बसवली. ती दोन थरांत रुतलेली असतात, पण खिळलेली नसतात. तेलकट थरातून सरकत असतात.

मधला हा तेलकट भाग कुणाला सोडतो आणि कुणाला अडवतो? ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, दारूतलं अल्कोहोल, भूल देण्याचे वायू हे सगळे बिनदिक्कत जातात. दारू लवकर चढते आणि भूल पटकन लागते यात याचा मोठा वाटा आहे. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे आयन मात्र अडतात. ते आकारानं लहानच असतात, पण त्यांच्यावर विद्युतभार असतो आणि पाण्याचे रेणू त्यांना चिकटून असतात. तेलात शिरायचं तर ते पाणी मागे सोडावं लागतं आणि त्या मोबदल्यात तेलात त्यांना धरणारं कुणी नसतं. नुसत्या चरबीच्या पटलातून सोडियम पाण्यापेक्षा अब्ज पटींहून हळू जातो. व्यवहारात जातच नाही म्हणा. ग्लुकोजचंही थोड्याफार फरकानं तेच. त्याच्यावर भार नसतो, पण पाण्याशी लगट फार आणि आकारही मोठा.

जे जातात ते कुणी पाठवलं म्हणून जात नाहीत. ऑक्सिजन फुफ्फुसातून रक्तात जातो कारण फुफ्फुसात तो जास्त आहे आणि रक्तात कमी. हे विसरण. लहान अंतरात ते फार वेगवान असतं आणि मोठ्या अंतरात अगदीच कुचकामी. पाण्यात ऑक्सिजनला पेशीभर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, पसरायला सेकंदाचा काही शतांश पुरतो. एक सेंटिमीटर पसरायला मात्र सहा-सात तास लागतात, कारण अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. आपल्याला हृदय आणि रक्तवाहिन्या लागतात आणि अमीबाला लागत नाहीत, ते या गणितामुळे.

पाणी चरबीतून थोडंफार झिरपतं, पण काही पेशींत ते इतक्या झपाट्यानं जातं की नुसत्या झिरपण्यानं हिशेब लागत नव्हता. मूत्रपिंडातल्या नलिका, तांबड्या पेशी, झाडांची मुळं, सगळीकडे हाच प्रश्न. उत्तर १९९२ मध्ये अमेरिकेत पीटर ॲग्री यांच्या प्रयोगशाळेतून आलं. त्यांना तांबड्या पेशींत एक प्रथिन भरपूर सापडलं होतं, पण त्याचं काम काय ते कळत नव्हतं. त्यांनी बेडकाच्या अंड्यांना ते प्रथिन बनवायला लावलं आणि अंडी अगदी पातळ द्रावणात सोडली. साधी अंडी जवळजवळ होती तशी राहिली. प्रथिनवाली अंडी फुगून फटाफट फुटली. ते प्रथिन म्हणजे पाण्याचा मार्ग होता, ॲक्वापोरिन. अशा एका मार्गातून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू एकामागे एक जातात. त्याबद्दल ॲग्रींना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण नीट बघा: ॲक्वापोरिन पाण्याला ढकलत नाही. ते फक्त रस्ता देतं, आणि जायचं कुठे ते दोन्ही बाजूंच्या मिठावरून ठरतं.

त्याच वर्षीचं अर्धं नोबेल रॉडरिक मॅकिनन यांना मिळालं. त्यांनी १९९८ मध्ये पोटॅशियमच्या चॅनलची, म्हणजे पटलातून त्याला वाट देणाऱ्या प्रथिनाची, रचना उलगडली होती. हे चॅनल पोटॅशियमला जाऊ देतं आणि सोडियमला अडवतं, दहा हजारांत एखादाच चुकून सुटतो. आणि सोडियम तर पोटॅशियमपेक्षा लहान! मोठ्याला वाट आणि धाकट्याला मज्जाव, हे कसं? चॅनलच्या अरुंद जागी ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले असतात की पाण्याचं आवरण सोडून आलेल्या पोटॅशियमला ते चारही बाजूंनी नेमके कवेत घेतात. त्याला पाणी सोडल्याचं दुःख होत नाही. लहान सोडियम मधोमध लोंबकळतो, ते ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि मग तो आपलं पाणी सोडायलाच तयार होत नाही. गाळणीच्या भोकाचा आकार मोजून हे कोडं कधीच सुटलं नसतं.

ग्लुकोजसाठी चॅनल नसतं, वाहक प्रथिन असतं. ते एका बाजूला उघडतं, ग्लुकोजचा रेणू घेतं, रूप पालटतं आणि दुसऱ्या बाजूला सोडतं. यातही ऊर्जा लागत नाही. जिकडे ग्लुकोज कमी तिकडे ते जातं. मर्यादा एकच, वाहक मोजके असतात आणि सगळे कामात गुंतले की वेग तिथेच थांबतो. स्नायू आणि चरबीच्या पेशींत हे वाहक एरवी पेशीच्या आत पिशव्यांमध्ये पडून असतात. इन्सुलिनचा निरोप आला की पिशव्या पटलाला येऊन मिळतात आणि वाहक पृष्ठभागावर येतात. मधुमेहाबद्दल बोलताना इन्सुलिन म्हणजे किल्ली असं सर्रास सांगितलं जातं. ते पटत नाही, कारण इन्सुलिन काही उघडत नाही, दारंच बाहेर आणून बसवतं. आणि स्नायू आकुंचन पावू लागले की इन्सुलिन नसतानाही हेच घडतं. संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या मंडळींची साखर जेवणानंतरच्या चालण्यानं उतरते त्यामागे हे एक ठोस कारण आहे.

इथपर्यंत सगळं उताराच्या दिशेनं. जास्तीकडून कमीकडे. पण नुसत्या उतारावर जगता आलं असतं तर दोन्ही बाजू लवकरच सारख्या झाल्या असत्या, आणि दोन्ही बाजू सारख्या होणं म्हणजे पेशी मरणं. जिवंत पेशीत सोडियम लिटरमागे साधारण १० ते १५ मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं माप) असतो, बाहेर १४० च्या पुढेमागे. पोटॅशियमचं बरोबर उलट: आत १४०, बाहेर ४. हा फरक कुणीतरी सतत टिकवत असतं.

ते कोण, हे डेन्मार्कमधल्या येन्स स्कू यांनी शोधलं, आणि तेही खेकड्यांमुळे. आरहुसजवळच्या किनाऱ्यावरचे खेकडे आणून त्यांच्या पायांतल्या मज्जातंतूंचा ते अभ्यास करत होते. त्यांना एक विकर (एन्झाइम) सापडलं, जे सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतील तेव्हाच एटीपी हे पेशीचं इंधन जोमानं फोडायचं. १९५७ मध्ये त्यांनी ते छापलं. तोच सोडियम-पोटॅशियम पंप. नोबेल मिळायला मात्र १९९७ उजाडलं, तब्बल चाळीस वर्षं. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि एटीपीचा एक रेणू खर्च. निवांत पडलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेतला पाचवा ते चौथा हिस्सा हा एकच पंप खातो. मेंदूत तर त्याहून जास्त. म्हणजे दुपारी जेवून सोफ्यावर आडवं झाल्यावरही चारातला जवळजवळ एक घास सोडियम बाहेर फेकण्यातच जातो.

एवढा खर्च कशासाठी? नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीचं वीजबिल काढून बघा. पाण्यासाठी वीज खाणारी वस्तू एकच असते: खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा पंप. घराघरात नळ आहेत, गीझर आहेत, फ्लश आहेत, पण पाणी वाहावं म्हणून त्यातला कुणी वीज वापरत नाही. पाणी वर चढवून ठेवलंय, त्या उंचीवर सगळे चालतात. सोडियमचा पंप हेच करतो. बाहेर सोडियमचा साठा चढवून ठेवतो. त्याला आत यायची प्रचंड ओढ असते, आणि पेशीतली डझनावारी वाहक प्रथिनं त्या ओढीवर आपली कामं उरकून घेतात. एक प्रथिन म्हणतं, सोडियम, तुला आत यायचंय ना, मग हे ग्लुकोज सोबत घेऊन ये. दुसरं अमिनो आम्लांना तसंच आत आणतं. तिसरं सोडियमला आत घेताना कॅल्शियमला बाहेर घालवतं. यातलं कुणीही स्वतः एटीपी खर्च करत नाही. बिल एकाच ठिकाणी भरलेलं असतं.

आतड्यातला ग्लुकोजचा वाहक असाच. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज, एकत्र. एकटं ग्लुकोज त्यातून जात नाही. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथे एका परिषदेत मांडली. तेव्हा ती निव्वळ प्रयोगशाळेतली बाब वाटली असेल. पण तिच्या जोरावर पुढे लाखो मुलं वाचली.

कॉलऱ्यात होतं काय ते बघू. कॉलऱ्याचा जिवाणू आतड्याच्या पेशी फोडत नाही, त्यात शिरतही नाही. तो एक विष सोडतो, आणि त्या विषानं आतड्याच्या पेशींतली क्लोराइडची चॅनलं उघडी पडतात ती उघडीच राहतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जातं, त्याच्या ऋणभाराच्या ओढीनं सोडियम मागे जातो, आणि मिठामागे पाणी. रोग तीव्र असेल तर तासाला लिटरभर. माणूस काही तासांत सुकून मरू शकतो. पाणी बाहेर ढकलणारं इथेही कुणी नाही. जिवाणूनं फक्त मिठाचा नळ सोडला.

पण विषाचा हात सोडियम-ग्लुकोज वाहकापर्यंत पोचत नाही. तो धडधाकट असतो. नुसतं पाणी पाजलं तर ते आतड्यात राहतं, नुसतं मीठ-पाणी दिलं तरी पुरेसं शोषलं जात नाही. मीठ आणि ग्लुकोज दोन्ही योग्य प्रमाणात दिले की दोघं मिळून आत जातात आणि पाणी त्यांच्या मागे आत येतं. ओआरएसमधली साखर चवीसाठी नाही आणि ताकदीसाठीही नाही. ती सोडियमला आत न्यायला आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपातून वाटायला सुरुवात केली. घरचेच लोक आपल्या माणसांना ते पाजत होते. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आलं.

आजच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. मिलिमोलमध्ये मोजलं तर सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. इथे हात सैल सोडायचा नाही. मुलाला जुलाब होत असताना 'जरा गोड करू, म्हणजे पिईल' म्हणून साखर वाढवली, किंवा कोल्ड्रिंक, डब्यातला फळांचा रस पाजला, तर आतड्यातलं द्रावण रक्तापेक्षा दाट होतं आणि पाणी रक्तातून आतड्यात येतं. जुलाब वाढतात. याच कारणानं ओआरएसचं सूत्र २००२ मध्ये पूर्वीपेक्षा पातळ करण्यात आलं. औषधाच्या दुकानातून ओआरएस म्हणून घेताना पाकिटावरचे हे आकडे जुळतात का ते वाचून घ्यावं. सारख्या दिसणाऱ्या गोड पेयांची खोकी तिथेच शेजारी रचलेली असतात.

तिवराकडे याच चष्म्यातून बघता येतं. झाडांचा मुख्य पंप सोडियमचा नसतो, हायड्रोजन आयनांचा असतो. एटीपी खर्च करून ते हायड्रोजन आयन बाहेर ढकलतात आणि बाकीची कामं त्या साठ्यावर चालवतात. तिवराच्या मुळांत आतल्या थरांना मेणासारख्या पदार्थाचं अस्तर असतं, त्यामुळे पाण्याला पेशींच्या फटींतून चोरवाट मिळत नाही. ॲक्वापोरिन असलेल्या पटलातूनच यावं लागतं. तिथे नव्वद टक्क्यांहून जास्त मीठ बाहेरच राहतं. पण समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी असं गाळून घ्यायचं तर परासरणाच्या विरुद्ध सुमारे २५ वातावरणांएवढा जोर लावावा लागतो. मोटारीच्या टायरमध्ये भरलेल्या हवेचा दाब दोन-सव्वादोन वातावरणांच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. हा जोर येतो पानांतून. पानांतून पाणी उडून जातं आणि खोडातला पाण्याचा सलग धागा वर ओढला जातो. १९६५ मध्ये पेर शोलँडर यांनी खारफुटीच्या फांद्यांत हा ताण मोजून दाखवला, आणि तो खरोखरच समुद्राच्या पाण्याच्या परासरण दाबापेक्षा जास्त निघाला.

उरलेलं थोडं मीठ पानांपर्यंत पोचतंच. त्यातलं काही पेशीतल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे पटलानं वेढलेल्या पिशवीत, कोंडलं जातं. तिच्या पटलावरचं प्रथिन एक हायड्रोजन आयन बाहेर सोडून त्या बदल्यात एक सोडियम आत घेतं. असं केल्यावर रिक्तिका खारट आणि बाकीची पेशी अळणी असा नवाच तंटा उभा राहतो, पाणी सगळं रिक्तिकेत जायला बघतं. तो मिटवायला तिवर पेशीद्रवात बीटेन नावाचा निरुपद्रवी पदार्थ साठवतं. आणि बाकीचं मीठ पानावरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. पाणी उडून गेलं की मागे पांढरे कण राहतात. तुळशीकडे यातलं जवळजवळ काहीच नाही. कांदळ या दुसऱ्या खारफुटीकडे ग्रंथी नाहीत, ते मुळाशीच जास्त कडक गाळणी लावतं.

खाडीत हिवाळ्यापासून येणाऱ्या फ्लेमिंगोंचा प्रश्न वेगळा. २०१५ मध्ये ठाणे खाडीला त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर केलं आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ते खारं पाणी आणि शेवाळ गाळून खातात. पक्ष्यांचं मूत्रपिंड तर आपल्यापेक्षाही कमजोर. मग मीठ जातं कुठे? डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथींतून, नाकपुड्यांवाटे, रक्ताहून कितीतरी खारट थेंबांच्या रूपात. समुद्रपक्ष्यांतल्या या ग्रंथींचं काम क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस उलगडलं. त्यांच्या पेशींतली मांडणी अशी: रक्ताच्या बाजूला सोडियमचा पंप, त्याच बाजूला सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड एकत्र आत आणणारा वाहक, आणि दुसऱ्या बाजूला क्लोराइडचं चॅनल. क्लोराइड बाहेर, सोडियम मागोमाग. ओळखीचं वाटतंय? कॉलऱ्याच्या विषानं आतड्यात जे घडवलं ते याच सुट्या भागांचं काम होतं. फ्लेमिंगो मीठ टाकताना पाणी फारच थोडं सोबत जाऊ देतो. आतड्यात मात्र ते धो-धो जातं.

प्रथिनं, जिवाणू, कोलेस्टेरॉलचे गोळे अशा मोठ्या वस्तू यातल्या कशातूनच जात नाहीत. त्यांच्यासाठी पटल आत वळतं आणि त्यांना पिशवीत गुंडाळून घेतं, किंवा आतली पिशवी पटलाला जोडली जाऊन माल बाहेर सांडते. आईच्या दुधातली प्रथिनं आणि मज्जातंतूंतले रासायनिक निरोप असेच बाहेर येतात.

फ्लेमिंगोच्या ग्रंथीतल्या त्या तीन आयनांच्या वाहकाचा सख्खा भाऊ आपल्या मूत्रपिंडात असतो. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात, अर्थातच आधी मीठ परत घेऊन. पाय सुजले किंवा हृदय थकलं की डॉक्टर 'पाण्याची गोळी' देतात, फ्रुसेमाइड, ती नेमकी या वाहकात जाऊन बसते. नाव पाण्याची, पण ती पाण्याला हातही लावत नाही. मीठ नलिकेत अडकतं आणि पाणी त्याच्यासोबत लघवीवाटे जातं. मधुमेहाच्या ज्या नव्या गोळ्यांच्या नावात 'ग्लिफ्लोझिन' येतं, त्या शेजारचा सोडियम-ग्लुकोज वाहक अडवतात. साखर लघवीत जाते आणि थोडं पाणीही घेऊन जाते. त्यांचं मूळ १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या फ्लोरिझिनमध्ये आहे.

पाण्याच्या गोळीनं मिठासोबत पोटॅशियमही निसटतो, म्हणून ती चालू असताना अधूनमधून रक्ततपासणी सांगतात. रिपोर्टवर सोडियम १४० च्या आसपास आणि पोटॅशियम ३.५ ते ५ च्या दरम्यान असावा लागतो. हे आकडे पेशींबाहेरच्या द्रवाचे असतात. शरीरातला जवळजवळ सगळा पोटॅशियम पेशींच्या आत बसलेला असतो, पंपानं तिथे ठेवलेला. त्यामुळे रक्त काढताना सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली आणि तांबड्या पेशी फुटल्या, की आतला पोटॅशियम द्रवात सांडतो आणि रिपोर्टवर आकडा भलताच चढलेला दिसतो. न वेगळं केलेलं रक्त तासन्‌तास फ्रीजमध्ये ठेवलं तरी तेच होतं, कारण थंडीत पंप मंदावतो आणि पोटॅशियम उतारानं बाहेर झिरपत राहतो. एरवी ठणठणीत असलेल्या माणसाचा पोटॅशियम एकाएकी ६.५ आला आणि लॅबनं पुन्हा रक्त द्यायला बोलावलं, तर कुरकुर न करता जावं. आणि पुन्हा तोच आकडा आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं, कारण बाहेरचा पोटॅशियम खरोखर वाढला असेल तर त्याचा पहिला फटका हृदयाच्या ठोक्यांना बसतो.